समुद्रसाळिंदर: चिखलातले की गाळातले?

प्रश्न असा आहे: खोल समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या 'सी अर्चिन' या काटेरी कवचाच्या प्राण्याला मराठीत काय म्हणावे, आणि तो राहतो त्या जागेला 'चिखल' म्हणावे की 'गाळ'?

दुसरा भाग आधी घेतो, कारण तो सोपा आहे. गाळच. चिखल पावसात होतो, तुडवला जातो, उन्हाने वाळतो. पाण्यातले बारीक कण खाली बसून साचतो तो गाळ. खोल समुद्रात नेमके हेच घडते. माती आणि सूक्ष्मजीवांची कवचे वरून सावकाश उतरत राहतात. हजार वर्षांत थर वाढतो तो काही मिलिमीटर, फार तर काही सेंटीमीटर.

आता नाव. इंग्रजीत 'अर्चिन' म्हणजे मुळात हेजहॉग हा काटेरी प्राणी. उनाड पोर हा अर्थ नंतरचा. 'कंटकचर्मी' मात्र इथे वापरू नये. ते अख्ख्या संघाचे, म्हणजे प्राण्यांच्या एका मोठ्या गटाचे नाव आहे, तारामासा आणि समुद्रकाकडीही त्यातच येतात. 'सागरी अर्चिन' चूक नाही, पण त्याने डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. मी 'समुद्रसाळिंदर' लिहीन. साळू, सायाळ म्हणणाऱ्यांनाही ते लगेच कळेल.

या नावाला एक सुरेख आधारही आहे. १८६९ साली निसर्गशास्त्रज्ञ वायव्हिल थॉमसन यांच्या मोहिमेत स्कॉटलंडजवळच्या खोल समुद्रातून मऊ, लवचीक कवचाची एक जात वर आली. तिचे नाव ठेवले 'कॅल्व्हेरिया हिस्ट्रिक्स'. पहिला शब्द जहाजाचे कप्तान कॅल्व्हर यांच्यावरून. दुसरा ग्रीक, अर्थ साळिंदर. भारतीय साळिंदराचे शास्त्रीय नावही 'हिस्ट्रिक्स इंडिका'च. आणि त्या जहाजाचे नाव? 'पॉर्क्युपाइन', म्हणजे पुन्हा साळिंदर!

एक अडचण उरते. गाळाशी जुळवून घेतलेले 'पूर्टालेसिया'सारखे प्रकार बाटलीच्या आकाराचे असतात, काटेही बारीक. साळिंदराशी त्यांचे साम्य कमीच. तरी वर्गाचे नाव एकच ठेवावे आणि विशेषणाने काम भागवावे.

विभक्तीकडेही लक्ष हवे. मऊ कवचाच्या जातींच्या खालच्या काट्यांना टोकाशी खुरासारखा भाग असतो, त्यामुळे त्या रुतत नाहीत. त्या गाळावर चालतात. पूर्टालेसिया गाळ खात गाळातून सरकतो. पहिल्यांना 'गाळावरचे' म्हणावे, दुसऱ्यांना 'गाळातले'.