कॅराव्हॅनला दुसरा एसी बसवला, सॉकेट जळालं, आणि आता आरटीओची भीती

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. नागपूरच्या उन्हाळ्यात आईला मागच्या बेडवर झोप लागेना म्हणून तुम्ही कॅराव्हॅनला दुसरा रूफटॉप एसी बसवून घेतला, पुण्याच्या फॅब्रिकेटरला १,८५,००० रुपये दिले, त्याने छत कापून एसी आणि सोबत दोन जादा बॅटऱ्या बसवल्या, आणि दोन महिन्यांतच रात्री जळका वास येऊन बाहेरून लाइन घ्यायचं मेन सॉकेट वितळलं. आता तो म्हणतो वापर तुमचा चुकीचा, आणि वरून ऐकवतो की तक्रार केलीत तर आरटीओत तुमचीच गाडी अडकेल. आईला काही झालं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. त्याच्या त्या धमकीला घाबरून गप्प बसू नका, हे आधी सांगते.

ते जळालेलं सॉकेट बदलू नका. तो "आणा, फुकटात करून देतो" म्हणाला तरी नाही, कारण तुमची केस त्या काळ्या पडलेल्या पिनांमध्येच आहे. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वायरवर छापलेला साइझ दिसेल असा एक फोटो हवाच, आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून सही-शिक्क्याचा लेखी रिपोर्ट घ्या. हिशोब साधा आहे, दोन एसी प्रत्येकी १,५०० वॅटचे धरले तर २३० व्होल्टवर १३ अँपियर होतात, त्यात १,५०० वॅटची किटली लावली की साडेएकोणीस, आणि तुमचं सॉकेट १६ अँपियरचं. दुसरा एसी लावताना मेन लाइन आणि सॉकेट तेवढ्या लोडचं करणं किंवा दोन्ही एकदम चालू होणार नाहीत अशी सोय करणं हे त्याचं काम होतं, तुम्ही त्याला पैसे त्याचेच दिले.

आता आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात हे स्पष्ट केलंय. पण त्याच कलमात 'बदल' म्हणजे काय तेही दिलंय, गाडीच्या रचनेत असा फरक की तिचं मूळ स्वरूपच बदलेल. नुसता एसी त्यात बसत नाही असं मांडता येतं, छत कापलं आणि वजन वाढलं ही मात्र तुमची कच्ची बाजू आहे. म्हणून गाडी रिकामी करून धर्मकाट्यावर न्या, पावती घ्या आणि आरसीवरच्या वजनाशी ताडून बघा. परवानगीशिवाय केलेला बदल १४ दिवसांत कळवायचा असतो, ती मुदत गेली, तरी स्वतःहून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कलम १८२अ मध्ये प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे, हे मी लपवत नाही, पण स्वतःहून आलेला माणूस आणि रस्त्यावर पकडलेला माणूस यात फरक पडतोच.

फॅब्रिकेटरविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. घरच्या वापरासाठी घेतलंय म्हणजे तुम्ही ग्राहक (गाडी भाड्याने देत असाल तर मला आत्ताच सांगा, तिथे मुद्दा फिरतो). तो पुण्यात असला तरी तुम्ही नागपूरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकता, रक्कम ५ लाखांच्या आत म्हणून फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी १५ दिवसांची नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, एसीचं काम नीट करून द्या किंवा पैसे परत, शिवाय झालेल्या नुकसानाची भरपाई. "एकदा काम झालं की जबाबदारी नाही" असं बिलावर छापलंय म्हणून काम निकृष्ट करायची मुभा मिळत नाही. पक्कं बिल नसलं तर यूपीआयची एन्ट्री आणि व्हॉट्सॲप चॅट जपा, विशेषतः "दोन्ही एसी बिनधास्त चालवा" हा त्याचा मेसेज, तो डिलीट करायच्या आत स्क्रीनशॉट काढा.

इन्शुरन्सवाल्यांनाही दुसऱ्या एसीचं लेखी कळवून जादा प्रीमियम भरून पॉलिसीत नोंद करून घ्या. उद्या खरंच आग लागली तर न कळवलेल्या फिटिंगवरून क्लेम अडवतात, आणि तेव्हा भांडायला आपण कमजोर पडतो.

आरसी, बिल आणि चॅट पाठवा, नोटिशीचा मसुदा मी बघते. तोवर त्या सॉकेटला लाइन लावू नका, एक रात्रसुद्धा नाही.