बुंडेस्लीगा आणि ला लीगा सोडून आपल्याकडे सगळे प्रीमियर लीगच का पाहतात?

जर्मनीतल्या बुंडेस्लीगाचा आणि स्पेनमधल्या ला लीगाचा फुटबॉल इंग्लंडपेक्षा कुठेही कमी नसताना भारतातले बहुतेक प्रेक्षक प्रीमियर लीगलाच का चिकटून असतात, आणि ही सगळी जाहिरातबाजीची किमया आहे का, असे आपण विचारले आहे. खेळाच्या दर्जाबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. 2014 ते 2018 अशी सलग पाच वर्षे चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा करंडक रेआल माद्रिद किंवा बार्सेलोना या स्पेनमधल्या क्लबांनीच नेला, तरी आपल्याकडचे शनिवार-रविवार इंग्लंडच्याच नावावर राहिले. पण त्याचे श्रेय मी फलकांना आणि घोषवाक्यांना देणार नाही. परदेशातल्या प्रेक्षकाला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाहिनीवर, न चुकता सामना दिसला तर त्याला सवय लागते, आणि ती सवय लावण्याचे काम इंग्लंडने इतरांच्या बरेच आधी हाती घेतले.

सुरुवात घड्याळापासून करावी लागेल. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळ्याच्या वेळापत्रकात संध्याकाळी पाचला आणि हिवाळ्यात सहाला लागतो, तर तिथला तीनचा सामना आपल्या साडेसात किंवा साडेआठला, म्हणजे जेवणाच्या वेळेला येतो. दुपारी तीनला खेळण्याची तिथली प्रथा काही आपल्यासाठी पडलेली नाही, त्यामुळे यात नशिबाचाही भाग आहे. गंमत अशी की, मैदानावरची गर्दी घटू नये म्हणून ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉल सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाला जुनी बंदी आहे. तीनचा जो सामना सांगलीतला माणूस घरबसल्या रीतसर पाहू शकतो, तो खुद्द मँचेस्टरमधल्या माणसाला टीव्हीवर थेट पाहता येत नाही. स्पेनमध्ये मात्र रात्री नऊ-दहाला सामने खेळवण्याची रीत आहे आणि तोवर इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. हावियेर तेबास 2013 मध्ये ला लीगाचे अध्यक्ष झाल्यावर सामने वेगवेगळ्या वेळांना विखरून टाकले गेले, आणि 23 डिसेंबर 2017 चा रेआल-बार्सेलोना सामना तर स्थानिक वेळेनुसार भर दुपारी एकला ठेवण्यात आला, जेणेकरून आशियातल्या लोकांना तो संध्याकाळी पाहता यावा. आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजले होते. पण वर्षातून एखाददुसरा सामना सोयीच्या वेळी मिळाल्याने सवय लागत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे प्रेक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. इंग्लंडमधला सामना आपल्याला दिसतो तो मैदानावरून थेट आपल्या वाहिनीकडे येत नाही. मैदानावरची चित्रे लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या स्टॉकली पार्कमधल्या निर्मिती केंद्रात जातात. तिथे त्यांवर इंग्रजी समालोचन आणि आकडेवारीच्या पाट्या चढतात, आणि मग तो तयार माल जगभरच्या वाहिन्यांना पोचतो. हे केंद्र आयएमजी या कंपनीच्या साथीने चालत आले आणि 2026-27 च्या हंगामापासून ते काम लीगने स्वतःकडे घ्यायचे ठरवले. सामन्याआधीची चर्चा, मुलाखती आणि आठवड्याचा आढावा हेही तिथेच तयार होते, त्यामुळे एखाद्या देशातल्या वाहिनीकडे फुटबॉलचा एकही जाणकार नसला तरी तिला अख्खा दिवस भरून काढता येतो. समालोचक पीटर ड्रूरी यांचा आवाज भारतात इतका ओळखीचा झाला तो याच मार्गाने. इंग्रजीचा फायदा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर वर्षानुवर्षे मेहनत घेतली गेली हेही तितकेच खरे.

दाखवण्याची ही कला आता मैदानाच्या कडेपर्यंत गेली आहे. जर्मनीच्या लीगने 2018 पासून कडेच्या फलकांवर आभासी जाहिरातींना परवानगी दिली, म्हणजे एकाच क्षणी एकाच फलकावर आशियातल्या प्रेक्षकाला एक जाहिरात दिसते आणि जर्मनीतल्या प्रेक्षकाला दुसरी. स्पेनमध्ये याहून मजेशीर नियम निघाला: मुख्य कॅमेऱ्याच्या समोरचा स्टँड पुरेसा भरलेला नसेल तर क्लबला दंड. कॅमेऱ्याच्या पाठीमागे खुर्च्या रिकाम्या असल्या तरी चालतील!

पैशाच्या वाटणीचाही या चित्राशी थेट संबंध आहे. 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून 2018-19 पर्यंत परदेशी प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न सगळ्या क्लबांत समान वाटले जाई. त्यानंतर वाढीव रकमेपुरता गुणतक्त्यातल्या स्थानाचा विचार होऊ लागला. 2022 ते 2025 या तीन हंगामांत हे परदेशी उत्पन्न देशांतर्गत उत्पन्नापेक्षाही जास्त झाले. त्यामुळे खालच्या क्लबांनाही चांगले खेळाडू घेता आले, आणि 2016 मध्ये लेस्टर सिटीने विजेतेपद मिळवल्यावर ‘इथे कोणीही कोणालाही हरवू शकते’ हे लीगचे आवडते वाक्य खरे करून दाखवता आले. एरवी विजेतेपद नेहमीच्या चार-पाच घरांतच फिरते, हे त्या वाक्यात अर्थातच येत नाही. स्पेनमध्ये 2015 च्या सरकारी अध्यादेशापर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतंत्रपणे विकत असे आणि मोठा वाटा रेआल आणि बार्सेलोना हे दोघेच उचलत. मग जगाला विकण्यासारखे उरले ते मेस्सी आणि रोनाल्डो. रोनाल्डो 2018 मध्ये स्पेन सोडून गेला आणि मेस्सी 2021 मध्ये. त्याच काळात भारतीय उपखंडातले ला लीगाचे सामने तीन हंगाम फेसबुकवर फुकट दाखवले गेले. माझ्या मते तो निर्णय फसला, कारण वाहिनी फिरवता फिरवता सहज सामन्यावर थबकणारा प्रेक्षक त्यात हरवला आणि ज्याला आधीच ओढ होती तोच शोधत गेला.

जाहिरातबाजीविषयी आपल्या मनात जी शंका आहे, तिला एक ताजे उदाहरण देतो. 2025 मध्ये ला लीगाचा व्हिल्यारेआल-बार्सेलोना हा सामना अमेरिकेत, मायामीला नेण्याचा घाट घातला गेला. निषेध म्हणून ऑक्टोबरमध्ये स्पेनमधले खेळाडू सामना सुरू झाल्यावर पहिले पंधरा सेकंद जागेवर उभे राहिले. ओव्हिएदो-एस्पान्योल सामन्यात ते घडत असताना पडद्यावर मात्र स्टेडियमचे बाहेरून घेतलेले दृश्य दिसत होते. चित्र लीगच्याच हातात असले की काय होते, ते यावरून कळावे. पुढे तो मायामीचा बेत रद्द झाला. इंग्लंडनेही 2008 मध्ये परदेशात एक जादा, एकोणचाळिसावी फेरी खेळवण्याची कल्पना मांडली होती आणि विरोधामुळे ती सोडून दिली होती.

आता बुंडेस्लीगा मागे का, तर तिथे 50+1 या नियमामुळे क्लबमधले बहुमत सभासदांकडे राहते आणि सभासदांना आधी आपले मैदान दिसते, मग आपण. डॉर्टमुंड या क्लबचा प्रेक्षकांनी भरलेला पिवळा स्टँड परदेशात दाखवून लीग स्वतःची ओळख करून देते, पण त्याच स्टँडवरचे लोक विकले जायला तयार नसतात. 2023 च्या अखेरीस प्रक्षेपण उत्पन्नाचा काही टक्के हिस्सा एका गुंतवणूकदाराला देऊन परदेशातल्या प्रसारासाठी भांडवल उभे करण्याचे लीगने ठरवले, तेव्हा पुढचे काही आठवडे प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकली, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यासुद्धा सोडल्या आणि सामने थांबवले. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने तो व्यवहार गुंडाळला. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघासाठी घसा फोडणाऱ्या कोल्हापूरकराला हा राग समजावून सांगावा लागणार नाही. त्यामुळे बुंडेस्लीगा आपल्याकडे कमी पाहिली जाते यात जर्मनांचा नाकर्तेपणा मला दिसत नाही. आपल्यासाठी स्वतःला किती बदलायचे याला त्यांनी घातलेली ती मर्यादा आहे. बुंडेस्लीगाचे शनिवारचे बहुतेक सामने आपल्या संध्याकाळी सातला किंवा आठला, म्हणजे इंग्लंडच्या तीनच्या सामन्यांच्या जेमतेम अर्धा तास आधी सुरू होतात, आणि बहुतेक घरांत त्या वेळी रिमोट इंग्लंडकडेच वळलेला असतो.