स्मरणिकेची पीडीएफ केली की लोगो आणि फोटो का फाटतात?

प्रश्न असा आहे: “शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलंय. जाहिरातींची पानं कॅनव्हात आणि मजकूर वर्डमध्ये करतोय. पडद्यावर सगळं छान दिसतं, पण पीडीएफ केली की जाहिरातदारांचे लोगो कडेनं फुटतात आणि जुन्या शिक्षकांचे फोटो धूसर होतात. एक्सपोर्ट करताना कोणती सेटिंग ठेवू?”

सेटिंग सांगतो, पण आधी मला सांगा, हे लोगो तुमच्याकडे आले कसे? जाहिरातदारानं व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला, व्हॉट्सॲपवर टाकला आणि “यातनंच घ्या” म्हणाला, असंच ना? मी साताऱ्याकडे एका छापखान्यात बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची जोडणी, केलंय. “पीडीएफमध्ये फाटतंय” म्हणून जी माणसं यायची, त्यांच्यातल्या बहुतेकांची वस्तू पीडीएफ व्हायच्या आधीच फाटलेली असायची. पडद्यावर पान लहान दिसतं म्हणून ते झाकलेलं राहायचं इतकंच.

पीडीएफ हा डबा आहे. सकाळी शिळी पोळी भरली तर दुपारी ताजी निघत नाही. एक्सपोर्टमध्ये दर्जा कमी होऊ शकतो, वाढत कधीच नाही. त्यामुळे आधी डब्यात काय भरलंय ते बघायचं आणि झाकण लावताना काय सांडलं ते नंतर.

बघायची रीत सोपी आहे. पीडीएफ संगणकावर उघडा (व्हॉट्सॲपच्या छोट्या प्रिव्ह्यूवर जाऊ नका, तो धूसरच असतो) आणि लोगोवर १६०० टक्के झूम करा. कड सुरीनं कापल्यासारखी राहिली तर तो लोगो व्हेक्टर आहे, म्हणजे रेषांच्या गणितातून काढलेला. तो पोस्टकार्डावर छापा नाहीतर एसटी स्टँडवरच्या होर्डिंगवर, सारखाच दिसणार. चौकोनी ठोकळे दिसले तर तो पिक्सेलचा आहे. ठोकळ्यांभोवती राखाडी कचरा उडाल्यासारखा दिसला तर तो जेपीजी आहे, आणि बहुधा दोन-तीनदा सेव्ह झालेला. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून प्रत्येकातला बारीक तपशील गाळतं. आभाळ किंवा चेहरा यांत ते खपून जातं. लोगोत मात्र लाल अक्षराला लागून पांढरा कागद असतो, तिथं ही गाळणी लगेच उघडी पडते.

फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नका. “आमच्याकडे ईपीएस आहे” (ही फाइल बहुधा व्हेक्टर असते) असं ऐकून मी कितीदा खूश झालोय, आणि उघडून पाहिलं तर आत जेपीजी चिकटवलेला! इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो टाकून ईपीएस म्हणून सेव्ह केला म्हणजे त्याचा व्हेक्टर होत नाही.

मग खरा लोगो आणायचा कुठून? दुकानदाराला “व्हेक्टर फाइल द्या” म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत बसेल. त्याला विचारा, “दुकानाचा बोर्ड कुणी केला? फ्लेक्स कुठं छापता?” त्या फ्लेक्सवाल्याकडे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल असते, हमखास. त्यात अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या रेषांचे आकार करून टाकलेली असली तर उत्तमच, फॉन्टची कटकट नाही. जाहिरातदार मोठी बँक किंवा कंपनी असेल तर तिच्या संकेतस्थळावरून वार्षिक अहवालाची पीडीएफ उतरवून घ्या. मुखपृष्ठावरचा लोगो बऱ्याचदा व्हेक्टर असतो. इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात ते पान उघडायचं, ग्रुप सोडायचा आणि लोगो बाजूला काढून एसव्हीजी या व्हेक्टर फाइलमध्ये ठेवायचा. फक्त त्यांना एकदा दाखवून घ्या, जुना लोगो निघाला तर पंचाईत.

यातलं काहीच मिळालं नाही तर पुन्हा काढा. गावाकडचे लोगो म्हणजे एक वर्तुळ, मधे गणपती किंवा कमळ, खाली नाव. अर्ध्या तासाचं काम आहे. ऑटो ट्रेस, म्हणजे सॉफ्टवेअरनं आपोआप रेषा काढणं, एकरंगी, स्वच्छ, मोठ्या चित्रावर चालतं. धूसर जेपीजीवर चालवलं तर वितळलेल्या मेणासारख्या कडा येतात, आणि त्या फाटलेल्या लोगोपेक्षा वाईट दिसतात.

इथं माझी एक फजिती सांगतो. एका पतपेढीच्या स्मरणिकेत पाव पानाची जाहिरात होती. लोगो मी संकेतस्थळाच्या माथ्यावरून उचलला, रुंदी १८० पिक्सेल. तो चार इंच रुंद छापायचा होता, म्हणजे इंचाला ४५ पिक्सेल. प्रीफ्लाइटनं, म्हणजे छपाईआधी फाइल तपासणाऱ्या सोयीनं, लाल दिवा लावला. मी शहाणपणा केला, फोटोशॉपमध्ये तो १२०० पिक्सेलचा केला. आता हिशेबानं इंचाला ३०० झाले, दिवा हिरवा झाला आणि छपाईची प्लेट निघाली. छापून आलेला लोगो चष्मा काढून बघितल्यासारखा होता. आठ पानांचा अख्खा फॉर्म पुन्हा छापला, कागदाचे पैसे माझ्या पगारातून. सॉफ्टवेअर पिक्सेल मोजतं, पण त्या पिक्सेलमध्ये काही आहे का ते त्याला कळत नाही.

आता फोटो. तुम्ही “३०० डीपीआय”, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, असं ऐकलं असेलच. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ऑफसेटवर फोटो बारीक ठिपक्यांच्या ओळींनी छापतात, चांगल्या कागदावर इंचाला साधारण १५० ओळी, आणि पिक्सेल त्याच्या दुप्पट ठेवायचे असा जुना रिवाज आहे. दीडपट असले तरी फोटो निभावतो. म्हणजे २२५–२५०ला घाबरू नका, छापलेल्या फोटोत फरक शोधावा लागेल. वर्तमानपत्राच्या कागदावर ठिपके आणखी मोठे, तिथं २००सुद्धा पुरतं. याउलट सही, शिक्का, शाळेचं जुनं रेखाचित्र अशा काळ्या-पांढऱ्या रेषांना ३०० अपुरं पडतं, तिरक्या रेषेला पायऱ्या दिसतात. ती १२०० डीपीआयला स्कॅन करा आणि ग्रेस्केल (राखाडी छटा) नाही, लाइन आर्ट (नुसतं काळं-पांढरं) मोडमध्ये.

हिशेब करायला कॅल्क्युलेटर पुरतो: फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये भागिले छापायची रुंदी इंचात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. ३००नं भागलं तर पाच इंचांच्या वर. म्हणजे अर्ध्या पानाला तसा चालून जातो, त्यातल्या त्यात. खरी गोची होते ती कापताना. १९८०च्या सुमाराच्या ग्रुप फोटोत चाळीस जण उभे आहेत, त्यातला दिवंगत मुख्याध्यापकांचा चेहरा तेवढा कापून तुम्हाला पानभर लावायचाय. तो चेहरा उरतो ८० पिक्सेल. कुठलीही पीडीएफ सेटिंग इथं उपयोगाची नाही.

त्यापेक्षा ज्यांच्या घरी तो मूळ फोटो आहे त्यांच्याकडे जा आणि फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. दोन इंचांचा फोटो चार इंचांवर नेला तरी इंचाला ३०० राहतात. मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नका, काचेची चमक येते आणि कडा वाकतात. नवे फोटो मागवताना “फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा” असं प्रत्येकाला सांगा. दहा जणांना सांगितलं की चार जण ऐकतात, पण ते चार तरी सुटतात. जुन्या अंकात छापलेला फोटोच हाताशी असेल तर त्यात आधीचे ठिपके असतात. त्यावर नवे ठिपके पडले की चटईसारखी नक्षी उमटते, म्हणून स्कॅनरचा डीस्क्रीन पर्याय चालू ठेवा.

आता तुम्ही मागितलेल्या सेटिंग्ज. कॅनव्हात डाउनलोड करताना “पीडीएफ स्टँडर्ड” घेतलं तर फोटो ९६ डीपीआयवर येतात, “पीडीएफ प्रिंट” घेतलं तर ३००वर. माझा अंदाज, तुमची अर्धी तक्रार इथंच मिटेल. “फ्लॅटन पीडीएफ”ची खूण काढून ठेवा, ती असली की लोगो आणि अक्षरं सगळी पिक्सेलमध्ये सपाट होतात. लोगो पीएनजी न चढवता एसव्हीजी चढवा.

वर्ड हा छुपा रुस्तुम आहे. तो फाइल सेव्ह करतानाच फोटो बारीक करतो, बऱ्याच आवृत्त्यांत आपोआप २२०वर, आणि सांगतही नाही. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथं “इमेज साइज अँड क्वालिटी” मध्ये “फाइलमधल्या प्रतिमा कंप्रेस करू नका” या अर्थाची चौकट आहे, तिच्यावर खूण करा. पण फोटो टाकायच्या आधी! आधीच टाकून सेव्ह केलेले गेले ते गेले, ते काढून पुन्हा घालावे लागतात. पीडीएफ करताना “मिनिमम साइज” नको, “स्टँडर्ड” घ्या. स्क्रीनशॉट काढून चिकटवायची सवय असेल तर आजच सोडा. आणि अगदी खरं सांगायचं तर शंभर पानांची स्मरणिका वर्डमध्ये करू नये, पण तुम्ही ते विचारलेलं नाही.

छापखान्यातला माणूस इनडिझाइन या पानं जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणी करत असेल तर “हाय क्वालिटी प्रिंट” हा ठेवणीतला पर्याय पुरतो. तो ४५०च्या वरचे फोटोच तेवढे ३००वर आणतो, बाकीच्यांचे पिक्सेल कमी करत नाही. “स्मॉलेस्ट फाइल साइज” मात्र फोटो १००वर नेतो, नाव वाचूनच लांब राहायचं. कोरलमध्ये “पब्लिश टू पीडीएफ” करताना प्रीप्रेस घ्या, आणि आत जाऊन बिटमॅपचं (पिक्सेलच्या चित्रांचं) डाउनसॅम्पलिंग, म्हणजे पिक्सेल कमी करणं, आणि कॉम्प्रेशन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लोगो नाइलाजानं पिक्सेलचाच असेल तर जेपीजीऐवजी झिप कॉम्प्रेशन ठेवा, त्यात काही गाळलं जात नाही.

मराठी कामात आणखी एक रोग आहे. फॉन्ट दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. त्याला कंटाळून लोक अख्खं पान जेपीजी करतात आणि त्याची पीडीएफ बनवतात. अक्षर तुटत नाही खरं, पण शिरोरेखा करवतीसारखी होते आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या एकमेकींत मिसळतात. त्याऐवजी फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड होतोय का, म्हणजे फाइलच्या आतच भरला जातोय का, ते बघा. जुना श्रीलिपीसारखा फॉन्ट असेल आणि छापखाना भीत असेल तर अक्षरं कर्व्ह करून द्या. फक्त त्याआधी मुद्रितशोधन पूर्ण करून घ्या आणि मूळ फाइलची प्रत ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर “मुख्यध्यापक” मधला काना घालायला अक्षर हातानं काढावं लागतं.

कधीकधी पीडीएफ निर्दोष असते आणि तरी छापलेलं धूसर दिसतं. बारीक काळा मजकूर आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) असला तर सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करताना त्याचे चार रंग होतात. चार प्लेटा केसभर इकडेतिकडे झाल्या की अक्षराला सावली येते. मजकुराचा काळा म्हणजे फक्त काळी शाई, १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य. कॅनव्हा आणि वर्डमधून हे नेमकं जमवणं अवघड जातं, म्हणून छापखान्याला आधीच सांगा की मजकूर एकाच काळ्यात बदलून घ्या. त्यांना ते काम रोजचं आहे.

पुढचा धोका तुम्ही सगळं नीट केल्यावर येतो. फाइल १४० एमबीची होते, जीमेल २५च्या पुढे घेत नाही, मग कुणीतरी समिती सदस्य “पीडीएफ लहान करा” अशा एखाद्या फुकट संकेतस्थळावर ती घालून ६ एमबीची करतो आणि अभिमानानं छापखान्याला पाठवतो. लोगो व्हेक्टर असतील तर वाचतात, फोटोंचं मात्र पिठलं होतं. दोन पीडीएफ करा आणि नावातच लिहा, “छपाईसाठी” आणि “व्हॉट्सॲपसाठी”. छपाईची ड्राइव्हच्या लिंकनं किंवा पेनड्राइव्हवर द्या.

शेवटी जाहिरातींचं एक आणि फोटोंचं एक पान लेझर प्रिंटरवर काढा. प्रिंट करताना “फिट टू पेज” बंद, आकार १०० टक्के. कागद हातात धरून जसा वाचतो तितक्या अंतरावरून बघा. तिथं जो फोटो खटकेल तो लहान करा. पानभर धूसर चेहऱ्यापेक्षा दीड इंचाचा स्वच्छ चेहरा बरा दिसतो, आणि घरच्यांनाही तोच आवडतो. लहान करूनही खटकला तर तो फोटो बदला.

आणि त्या व्हिजिटिंग कार्डवाल्याला आजच फोन करून त्याच्या फ्लेक्सवाल्याचा नंबर घ्या. सणासुदीला फ्लेक्सवाले फोन उचलत नाहीत.