बाथची रेसिपी कपात आहे, घरी काटा आहे. एक कप म्हणजे २५० ग्रॅम धरू का?

तुम्ही विचारलंय की बाथच्या (गोव्याकडचा रवा-नारळाचा केक) रेसिपीत दोन कप बारीक रवा, दीड कप साखर, दोन कप खवलेला नारळ आणि अर्धा कप बटर दिलंय, आणि कुठेतरी वाचलं की एक कप म्हणजे २५० ग्रॅम, तर तेच सगळ्याला लावायचं का. अजिबात लावू नका. ते फक्त पाण्याला चालतं, फार तर दुधाला. कपाने आपण जागा मोजतो, त्या जागेत काय भरलंय आणि किती दाटून भरलंय त्यावर वजन ठरतं. २४० मिलीच्या त्याच कपात मैदा हलका भरून वरून सुरीने सपाट केला तर १२०-१२५ ग्रॅम येतो, साखर २००, तेल २२० च्या आसपास आणि मध तर ३४०.

आधी कप कुठला ते बघा. अमेरिकन रेसिपीतला साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा आणि त्यांचा मोठा चमचा पण २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. घरातला चहाचा कप कितीचा आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून तो काट्यावर ठेवा, काटा झीरो करा, काठोकाठ पाणी भरा, जितके ग्रॅम दिसतील तितके मिली. समजा १८० आले आणि रेसिपी २४० ची आहे, तर तिच्या तीन कपांना तुमचे चार.

आता तुमचा बाथ. बारीक रवा कपाला १६०-१७० ग्रॅम बसतो, म्हणजे दोन कपांचा ३३० च्या आसपास घ्या. २५० च्या हिशोबाने गेलात तर ५०० ग्रॅम पडेल, जवळजवळ दीडपट, आणि बाथचं मिश्रण आपण रात्रभर ठेवतो ना, तेवढ्या वेळात तो जादा रवा सगळा ओलावा पिऊन टाकणार आणि सकाळी भाजल्यावर सुरी लावली की भुगा. साखर ३०० ग्रॅम. बटर अर्धा कप म्हणजे ११३, तर १०० ग्रॅमची पुडी आणि वर एक मोठा चमचा, झालं.

नारळाच्या बाबतीत मात्र कुठल्याच तक्त्यावर विसंबू नका, मला तरी पटत नाही. आत्ता खवणीवरून पडलेली सोय, म्हणजे खवलेला ओला नारळ, फुललेली असते, हलक्या हाताने भरली तर कपात ८०-९० ग्रॅम येते, तीच बोटांनी दाबलीत तर सहज १२० च्या वर जाते. फ्रिजमध्ये ठेवलेली बसून घट्ट होते, मिक्सरमधून काढलेली आणखी वेगळी. आणि रेसिपी लिहिणारे दाबून की मोकळी हे सांगतच नाहीत! बाजारात नारळ नगावर मिळतो, एकाची वाटीभर सोय निघते, दुसऱ्याची दीड वाटी, त्यामुळे 'एक नारळ' लिहिलेल्या रेसिपीचाही उपयोग नाही. मी म्हणेन मोकळी भरून दोन कपांचे १७० ग्रॅम घ्या, बाथ खाऊन बघा, ओलसर हवा वाटला तर पुढच्या वेळी २०० करा आणि तो आकडा रेसिपीशेजारी पेनाने लिहून ठेवा. सुकं डेसिकेटेड खोबरं घालणार असाल तर वजन सारखं धरून चालणार नाही, त्यात पाणीच नसतं, आधी कोमट दुधात भिजवा.

पावसाळ्यात रव्याच्या डब्यात ओल शिरते आणि गुठळ्या होतात, त्या फोडून मगच कप भरा, नाहीतर मधे पोकळी राहते. काट्यावर वजन करणार असाल तर हा प्रश्नच नाही.

अंडी नगावर दिली असतील तर तशीच घ्या, सोललेलं एक साधारण ५० ग्रॅम. बेकिंग पावडर मात्र काट्यावर नको, घरचा काटा इतकं बारीक वजन नीट पकडत नाही, ती ५ मिलीच्या छोट्या चमच्याने सपाट करूनच घाला.