फोटो ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर लाल साडी आणि हिरवी पानं एकाच राखाडी रंगात मिसळतात. काय करावं?

फोटोशॉपमध्ये 'डिसॅच्युरेट' (एका झटक्यात रंग काढून टाकणारी कमांड) सोडा आणि 'ब्लॅक अँड व्हाइट' अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ फोटोवर बसणारा, नंतर बदलता येणारा थर) लावा. रेड्सचा स्लायडर खाली आणि ग्रीन्सचा वर नेला की साडी उठून दिसेल. पानांत पिवळा बराच असतो, म्हणून यलोजही हलवून बघाच, बहुतेकदा खरा फरक तिथेच पडतो. डिसॅच्युरेट प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांपैकी फक्त सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी काढतं. त्यामुळे शुद्ध लाल (255, 0, 0) आणि शुद्ध हिरवा (0, 255, 0) दोन्ही साधारण 128 वर, म्हणजे एकाच राखाडीवर येतात (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा). डोळ्याला मात्र हिरवा कितीतरी उजळ दिसतो. गिंप या मोफत फोटो-एडिटिंग प्रोग्रॅममध्ये यासाठी 'मोनो मिक्सर' आहे, त्यात लाल, हिरवा, निळा किती मिसळायचा ते ठरवता येतं. मात्र रेड्स फार खाली ओढू नका, चेहरेही काळवंडतात. तसं झालं तर लेयर मास्कने (थराचा परिणाम हव्या त्या भागावर लपवणारी सोय) चेहरा वगळा.