सध्या काय वाचताय? आणि छापील पुस्तक की किंडल?

सध्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ चालू आहे, तिसऱ्यांदा. छापीलच. आईची प्रत आहे, खाकी कव्हर घातलेली. मधे एका पानावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे. तिथे आलं की मी जरा रेंगाळतेच.

किंडलही आहे माझ्याकडे, उगाच नावं ठेवणार नाही. ई-इंकचा, म्हणजे कागदावरच्या शाईसारखा दिसणारा पडदा असल्याने मोबाइलसारखा झगझगाट डोळ्यांवर येत नाही. पान बदललं तरच पडद्याला वीज लागते, म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. शिवाय अक्षर मोठं करता येतं, याची किंमत चाळिशीनंतर कळते! २०१६ च्या डिसेंबरपासून त्यावर मराठी पुस्तकंही रीतसर मिळू लागली. पण मला हवं असतं ते जुनं पुस्तक नेमकं तिथे नसतं. मग पुण्यातला पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक गाठायचा.

त्यामुळे इंग्रजी रहस्यकथा किंडलवर, मराठी कागदावर, अशी माझी वाटणी आहे. लोणावळा लोकलमध्ये उभं राहावं लागलं तर मात्र किंडलच. एका हातात कडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटायचं. जाडजूड पुस्तकाने हे करून बघा!