वाचक विचारतात: गाडी २९० ला अडकलीये, ३५० कशी गाठायची?

टॉप स्पीडवर या वेळी इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकात ढकलले. आणि हे सगळं बंद ट्रॅकसाठी किंवा रीतसर बंद केलेल्या रस्त्यासाठीच आहे, चालू रस्त्यावर करणाऱ्यांनी मला लिहू नये, उत्तर मिळणार नाही.

प्रश्न: दादा, माझी टर्बो स्पोर्ट्स कार ट्यून करून ४०० एचपीची झालीये. लांब स्ट्रेटवर जीपीएसवर ताशी २९० किमी लागतात आणि मग भिंत लागल्यासारखी थांबते. मला ३५० बघायचंय. ट्यूनर म्हणतो मोठा टर्बो टाक, ५०० एचपी होतील, काम झालं. होईल का?

उत्तर: नाही होणार. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध कापत त्याच वेगाने पुढं जायचं म्हणजे लागणारी ताकद घनाने वाढते. २९० चे ३५० म्हणजे वेग २१ टक्केच वाढला असं वाटतं, पण १.२१ ला तीनदा गुण, पावणेदोन पट होतात. म्हणजे ४०० चे ७०० एचपी. ५०० मध्ये तू साधारण ३१२ पर्यंत जाशील आणि परत त्याच भिंतीला टेकशील, फक्त खिसा हलका होऊन. ४०० किमीचं स्वप्न असेल तर आकडा हजाराच्या पुढं जातो.

आता उलटीकडून बघ. हवेचा विरोध १५ टक्के कमी केलास तर तेच ३५० साधारण ६०० एचपीत निघतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की टर्बो शेवटी घ्या, आधी गाडीखाली झोपा. खालचा भाग उघडा आहे का, अंडरट्रे (गाडीखालचं सपाट झाकण) शेवटपर्यंत जातो का, मागचा बंपर आतून पॅराशूटसारखी हवा धरतो का, ग्रिलमधून गरजेपेक्षा जास्त हवा आत घुसते का ते बघ. रूफ या जर्मन कंपनीची, पोर्शेवरून बनवलेली पिवळी सीटीआर आठव, १९८७ ची. ४६९ एचपी फक्त, आणि जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या टेस्ट ट्रॅकवर ३३९ किमी गेली. त्यांनी पोर्शे ९११ टर्बोची रुंद बॉडी घेतलीच नाही, अरुंद बॉडी घेतली आणि छताच्या कडेची पावसाचं पाणी वळवणारी पन्हळसुद्धा कापून टाकली. पन्हळ! आजच्या भाषेत सांगायचं तर ती मॉडिफिकेशनच्या लिस्टमध्ये लिहायलासुद्धा लोक लाजतील.

आणि जे लावशील ते नीट बसव. मी एकदा अंडरट्रेच्या दोन क्लिपा "नंतर बघू" म्हणून तसाच गेलो, २६० च्या पुढं खालून कोणीतरी पत्रा बडवतंय असा आवाज, परत येऊन बघतो तर ट्रेचा पुढचा कोपरा खाली मुडपलेला, म्हणजे विरोध कमी करायला लावलेली वस्तूच हवा गोळा करत होती.

प्रश्न: सर, माझी गाडी पाचव्या गिअरमध्ये २८४ जाते आणि सहावा टाकला की हळूहळू २७६ वर येते. गिअरबॉक्स गेला का?

उत्तर: काही गेलेलं नाही. तुमचा सहावा गिअर मायलेजसाठी दिलाय. तो टाकला की आरपीएम एवढे पडतात की इंजिन जिथं पूर्ण ताकद देतं त्याच्या बरंच खाली येतं, आणि त्या वेगाला हवा काही सूट देत नाही.

हिशोब सोपा आहे. समजा टायरचा घेर २.१ मीटर. ३५० किमी म्हणजे मिनिटाला ५८३३ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला २७७८ वेळा फिरणार. इंजिनची ताकद ७००० आरपीएमला सगळ्यात जास्त असेल तर ७००० भागिले २७७८, आले २.५२. शेवटच्या गिअरचा रेशो गुणिले फायनल ड्राइव्हचा (गिअरबॉक्सनंतर चाकांकडं जाताना लागणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचा) रेशो इथं यायला हवा. खूप कमी असेल तर इंजिन दमतं, खूप जास्त असेल तर ताकद असूनही लिमिटरला, म्हणजे आरपीएम ठरलेल्या मर्यादेपुढं न जाऊ देणाऱ्या यंत्रणेला, डोकं आपटतं. मॅकलॅरेन एफ१ या रस्त्यावरच्या गाडीने १९९८ मध्ये ३८६ किमी केले तेव्हा रेव्ह लिमिटर ७५०० वरून ८३०० ला नेला होता.

प्रश्न: टायर नवे आहेत, वाय रेटिंगचे, मग ३५० ला काय टेन्शन?

उत्तर: खूप टेन्शन. टायरवरचं हे अक्षर त्याचा कमाल वेग सांगतं: व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. कंसातला वाय असेल तर ३०० च्या वर, पण किती वर आणि किती प्रेशरला, किती वजनाखाली ते टायर कंपनीलाच लेखी विचारायचं. दुकानदाराला नाही.

३५० ला चाक सेकंदाला ४६ वेळा फिरतं. ट्रेडवरचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थरावरचा, एक ग्रॅम रबर तेव्हा पावणेतीन किलोच्या वर जोराने बाहेर ओढला जातो. त्यात प्रेशर कमी असेल तर टायर दर फेरीला जमिनीपाशी चेपतो, सुटतो, परत चेपतो, आणि सगळी उष्णता आत साठते, बाहेरून काही दिसत नाही आणि मग एकदम ट्रेडच निघून येतो. पंक्चर काढलेला टायर तर लावायचाच नाही, कितीही छान काढलेलं असू दे. व्हॉल्व्ह धातूचे, टोपण्यासुद्धा धातूच्या.

बुगाटीने २०१९ मध्ये ४९० किमी केले तेव्हा मिशेलिनचा प्रत्येक टायर बसवायच्या आधी एक्स-रे करून तपासला होता. त्यांचीच वेरॉन सुपर स्पोर्ट २०१० मध्ये ४३१ गेली, आणि गिऱ्हाइकांना दिली ती मात्र टायरसाठी ४१५ ला बांधून. पैसा आणि इंजिन दोन्ही होतं, टायर नव्हता.

प्रश्न: एसी, मागची सीट, कार्पेट सगळं काढलं तर टॉप स्पीड किती वाढेल?

उत्तर: जवळपास काहीच नाही. वजन कमी केलं की गाडी तिथं लवकर पोचते, म्हणजे स्ट्रेट छोटी असेल तर फायदा आहे, पण शेवटचा आकडा हवा ठरवते. कॅलवे या अमेरिकन ट्यूनरची स्लेजहॅमर कॉर्व्हेट १९८८ मध्ये ओहायोच्या ट्रॅकवर ४१० किमी गेली, ८९८ एचपी, आणि ती कनेटिकटहून रस्त्याने चालवत नेली होती आणि चालवतच घरी आणली. एसी राहू द्या.

प्रश्न: दादा, २७० नंतर स्टेअरिंग एकदम हलकं होतं. छान वाटतं खरं तर. मागं मोठा विंग लावायचा विचार आहे.

उत्तर: छान नाहीये ते, पुढची चाकं रस्ता सोडायला लागलीत. आणि मागच्या ॲक्सलच्याही मागं मोठा विंग लावलास तर तो मागून दाबणार, पुढून अजून उचलणार, सी-सॉ सारखं. आधी एक छोटा कॅमेरा पुढच्या चाकाकडं तोंड करून लाव आणि १०० ला नि २५० ला टायर-फेंडरमधली फट बघ. फट वाढली तर लिफ्ट आहे, म्हणजे हवा गाडी उचलतेय, वाद संपला. मग पुढचा लिप (बंपरखालची पट्टी), नाक मागच्यापेक्षा थोडं खाली, आणि त्याला जुळेल एवढाच मागं स्पॉयलर. पहिल्या ऑडी टीटीला मागून लिफ्ट होती, भरधाव असताना लेन बदलताना अपघात झाले, आणि कंपनीला नंतर स्पॉयलर लावून द्यावा लागला. दिसायला सुंदर होती ती त्याच्याशिवाय, मान्य.

प्रश्न: ड्रॅग रेसचं ट्यून आहे, ७०० एचपी. तेच चालेल ना?

उत्तर: ते दहा सेकंदांचं ट्यून आहे. टॉप स्पीडला मिनिटभर ॲक्सलरेटर तळाला असतो, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तापून भट्टी होतो, आत गरम हवा जाते, नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटणं) सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडतं. टायमिंग मागं घ्या म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडू द्या, बूस्ट (टर्बोचा दाब) थोडा कमी करा, इनटेकचं तापमान लॉग करा. पेट्रोल मिनिटाला ४ लिटरच्या वर जाईल, पंपाला तेवढं प्रेशर टिकवता येतं का ते डायनोवरच (गाडी जागेवर धरून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच) बघा, ट्रॅकवर नाही. ७०० चे ६४० झाले तरी चालतील. आणि परत फिरायची जागा आधी मोजा, ३५० ला गाडीतली ऊर्जा १०० च्या सव्वाबारा पट असते आणि ब्रेक तेच.